जेसन वाचताना बदललेला शेवटचा अंक
जेसन (JSON) म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांना डेटा पाठवताना वापरतात तो मजकुराचा साचा; त्यात तारखेसाठी वेगळा प्रकारच नाही, त्यामुळे '२०२४-०३-०५' ही तारीख आहे की नुसती अक्षरे, हे वाचणाऱ्या प्रोग्रॅमलाच ठरवावे लागते. तारखेचा हा त्रास निदान लगेच डोळ्यांना दिसतो. संख्यांचा दिसत नाही.

एका कामात समोरून येणारा व्यवहार क्रमांक ९००७१९९२५४७४०९९३ होता आणि आमच्या पडद्यावर मात्र त्याचा शेवटचा अंक २ उमटत होता. अर्धा दिवस मी बिचाऱ्या डेटाबेसवरच संशय घेत बसलो. जावास्क्रिप्टची साधी संख्या ६४ बिटांची फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे ठरावीक अंकांपुरतीच अचूक असल्याने २ च्या ५३ व्या घातापलीकडचा प्रत्येक पूर्णांक तिच्यात नेमका मावतोच असे नाही आणि पार्सर, म्हणजे जेसन वाचणारा भाग, कुठलीही तक्रार न करता जवळची संख्या हाती ठेवतो. टाइपस्क्रिप्टमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टला टाइपची जोड देणाऱ्या भाषेत, मी त्या ऑब्जेक्टला ऐटीत टाइप (कुठल्या फील्डमध्ये काय असावे याचे वर्णन) दिला होता, पण कंपाइल होऊन साधे जावास्क्रिप्ट झाल्यावर तो पुसला जातो, त्यामुळे प्रत्यक्ष आलेला डेटा कोणी तपासतच नव्हते.

आता असे क्रमांक आम्ही अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणूनच मागवतो आणि झॉड (Zod) या डेटा तपासणाऱ्या लायब्ररीच्या स्कीमातून, म्हणजे अपेक्षित रचनेच्या नियमांतून, प्रत्येक फील्ड तपासल्याशिवाय ऑब्जेक्ट पुढे जाऊ देत नाही. गो भाषेतली खोच निराळी आहे: रक्कम आलीच नाही तरी तिथे गुपचूप ० राहतो, म्हणून तिथे पॉइंटर वापरावा लागतो; रक्कम आली नाही तर तो रिकामा (nil) राहतो आणि फरक कळतो.