तुम्ही विचारलंत म्हणून: थाळनेरला पुन्हा पुन्हा कशाला जाता?

धुळ्यात व्याख्यान असो की लग्नाची पंगत, हा प्रश्न हमखास येतो. "मॅडम, गॅझेटिअर आहे, जुने कागद मोबाइलवर दिसतात, मग कादंबरीसाठी एवढी पायपीट कशाला?" पंगतीत मी जिलबीकडे वळते. इथे नीट सांगते, आणि थाळनेरवरूनच सांगते, कारण सध्या डोक्यात तेच आहे.

शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं गाव. बुऱ्हाणपूर वसण्याआधी खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांची गादी इथे होती. त्यांच्या कबरी अजून उभ्या आहेत. आलेला पाहुणा त्यांचे फोटो काढतो आणि परततो. मला हवा असतो किल्ला, म्हणजे त्याचं जे काही उरलंय ते, आणि २७ फेब्रुवारी १८१८ हा एक दिवस.

डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला इंग्रजांकडून होळकरांचा पराभव झाला. जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख त्यांनी इंग्रजांना देऊन टाकला. खानदेशही त्यातच गेला. ताबा घ्यायला इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन सेंधव्याकडून खाली उतरला. थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा किल्ला देईना. तोफा चालल्या. मग आतल्या दरवाज्याची दिंडी, म्हणजे मोठ्या दारातलं छोटं दार, उघडली गेली, काही इंग्रज अधिकारी आत शिरले, बोलाचाली झाली, कोणाचं कोणाला कळेना, आणि त्यातले दोघे मारले गेले. त्यानंतर आतली जवळजवळ सगळी शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरचे शिपाई, कापली गेली. किल्लेदाराला फाशी दिली.

आता गंमत बघा. या एका दिवसावर इंग्रजीत इतकं लिहिलं गेलंय, ते का? हिस्लॉपला जाब द्यावा लागला म्हणून. किल्लेदाराची फाशी लंडनच्या पार्लमेंटात निघाली, १८१९ मध्ये फौजेच्या आभाराच्या ठरावातही ती आडवी आली. म्हणजे आपण ज्याला साधन म्हणतो, त्यातला मोठा भाग कैफियत आहे, स्वतःच्या बचावासाठी लिहिलेली. मारल्या गेलेल्या अधिकाऱ्यांची नावं त्यात आहेत. दिंडीच्या आतल्या बाजूला कोण उभं होतं, ते नाही. ते मोबाइलवर येणार कुठून?

म्हणून मी जाते, आणि जमेल तेव्हा फेब्रुवारीतच जाते. दुपारी ऊन चटका देतं, रात्री गोधडी लागते. शिबंदीतल्या माणसाच्या अंगावर काय होतं ते यावरून ठरतं. जुन्या वर्णनात एका बाजूला नदी, तीन बाजूंना खोल घळ आणि एकामागून एक पाच दरवाजे आहेत. आज बरंच ढासळलंय, दरवाज्यांच्या जागा अंदाजाने धराव्या लागतात. पण तेवढ्यात उभं राहिलं तरी एक गोष्ट पटते: सगळ्यात आतल्या दरवाज्यावरच्या शिपायाला बाहेरचं काही दिसत नसणार, नुसतं ऐकू येत असणार. बाहेरच्या दरवाज्यावर बोलणी चालली आहेत की कत्तल, हे त्याने आवाजावरून ठरवायचं. माझं प्रकरण तिथून, त्याच्या कानांनी सुरू होतं. गॅझेटिअर वाचून मी ते हिस्लॉपच्या घोड्यावरून लिहिलं असतं.

गावात पहिला संशय खजिन्याचा. त्यात नवल नाही, एकटी बाई वही घेऊन पडक्या भिंती मोजत फिरतेय म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? एकदा हरभरा काढणाऱ्या एका आजीने विचारलं, "काय दखी राहिनी, माय?" मी किल्लेदाराची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, की इतक्या लोकांचं खाणं कोण पुरवत होतं. मी वही मिटली. तोफा किती, दरवाजे किती, हे सगळं माझ्याकडे होतं. दाणावैरण कुठल्या गावांतून आली आणि किल्ला पडल्यावर त्या गावांकडे कोणत्या नजरेने बघितलं गेलं, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. कादंबरीतला धान्य पोचवणारा गाडीवान त्या दुपारी जन्मला. तो पूर्ण कल्पित आहे, आणि तसं मी प्रस्तावनेत लिहिणार आहे. तुळशीराम मामाच्या तोंडी मात्र मी मोठी भाषणं घालणार नाही. फासावर गेलेल्या खऱ्या माणसाला आपल्या सोयीचं बोलायला लावायचं नसतं, असं माझं मत आहे.

कागदांचा मला कंटाळा आहे असं समजू नका. धुळ्यात राहून कोण असं म्हणेल? इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे याच गावात १९२६ च्या शेवटच्या दिवशी वारले. त्यांचं नाव लावलेलं संशोधन मंडळ इथेच आहे. आणि राजवाड्यांनी तरी काय केलं? दप्तरं शोधत गावोगाव हिंडलेच ना! मोडी मी शिकले ती त्यांच्याच धाकाने.

खर्च कोण करतं, हा तुमचा दुसरा प्रश्न. मीच करते. एसटीचं तिकीट, शिरपूरला शेवभाजी, क्वचित लॉज. आगाऊ रक्कम देणारा प्रकाशक अजून भेटलेला नाही.

आता सेंधव्याचा घाट राहिलाय. तोफा ओढणारे बैल तो घाट उतरताना कुठे थांबले असतील, पाणी कुठे मिळालं असेल, हे मला चालत बघायचंय. गाडीवानाला ते माहीत असायला हवं.