फळ्यावरचं श्रीनगर

डिसेंबर १९७१. मी सातवी ‘ब’मध्ये होतो. वर्गाच्या खिडक्यांना काळे कागद लावलेले होते आणि मधल्या सुट्टीत पाकिस्तानशी चाललेल्या युद्धाशिवाय दुसरा विषय नसायचा. भूगोलाच्या सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात काश्मीरचा नकाशा काढला होता. तो कोणी पुसायचा नाही, असं वर्गप्रमुखाला बजावलं होतं. पुढच्या प्रजासत्ताक दिनाला फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांना मरणोत्तर परमवीर चक्र जाहीर झालं, तेव्हा सरांनी त्या नकाशातल्या श्रीनगरभोवती लाल खडूने गोल केला आणि तास संपेपर्यंत तेवढंच सांगितलं.

पंजाबातल्या लुधियाना जिल्ह्यातल्या इसेवालचा हा मुलगा. वडीलही हवाई दलातले. १९६७ च्या जूनमध्ये कमिशन मिळालं, युद्ध पेटलं तेव्हा लग्नाला तर वर्षही झालं नव्हतं. आंतरराष्ट्रीय समझोत्यामुळे १९४८ पासून श्रीनगरला लढाऊ विमानं ठेवलेली नव्हती. त्यामुळे १८ व्या स्क्वाड्रनच्या या वैमानिकांना तिथले डोंगर, ती थंडी, ती उंची, सगळंच नवं होतं.

१४ डिसेंबरच्या सकाळी पाकिस्तानची सहा सेबर जेट लढाऊ विमानं श्रीनगरच्या तळावर चालून आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत होते आणि त्याच धुरळ्यातून सेखोंनी आपलं छोटं लढाऊ विमान, नॅट, उचललं. सोबतचं विमान धुरळ्यात दिसेनासं झालं, ते एकटे पडले. तरी एका सेबरवर त्यांचा मारा बसला, दुसऱ्याला आग लागली. मग बाकीची सेबर त्या दोघांच्या मदतीला आली. चारांविरुद्ध एक, तेही झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर. अखेर नॅट कोसळलं. त्यांचा देह मिळालाच नाही.

हे सांगताना सरांचा आवाज बसला होता. त्यांना तसं आम्ही कधीच पाहिलं नव्हतं.

दहावीच्या पहिल्या तुकडीतून १९७५ मध्ये बाहेर पडलो आणि हवाई दलात एअरमन म्हणून भरती झालो. जलहळ्ळीचं प्रशिक्षण संपवून इंजिन फिटर झालो. पहिल्यांदा नॅटजवळ उभा राहिलो तेव्हा खरं सांगतो, हात थरथरले. केवढंसं विमान! पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम पावणेसात मीटर. बॉम्ब पडत असताना धावपट्टीवरून यात बसून निघायचं म्हणजे काय, हे मला फळ्यासमोर नाही, त्या हँगरमध्ये कळलं. पुढे नोकरीभर एकही नट मी दोनदा तपासल्याशिवाय सोडला नाही.

आजवर हवाई दलात परमवीर चक्र मिळालेले सेखों एकटेच.

आमच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवाच्या तयारीसाठी गेल्या महिन्यात शाळेत आलो, तेव्हा सातवी ‘ब’च्या मुलांना बाकं बाजूला करायला लावली आणि फरशीवर खडूने नॅटचे पंख आखले. या भिंतीपासून सुरुवात केली, तर त्या भिंतीपाशी हातभर जागा उरली. एका मुलीने विचारलं, “आणि ते बसायचे कुठे?”

मी मधोमध एक छोटा चौकोन काढला. ती त्यात मांडी घालून बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.