१९५७ चा नकाशा आणि करडी पेन्सिल

रविवारच्या दुपारी संपेल असं वाटून मी १९५७ च्या मुंबई राज्य विधानसभेचा जिल्हावार निकाल नकाशावर रंगवायला घेतला. तीन आठवडे झाले, जेवणाच्या टेबलाची एक बाजू अजून अडलेलीच आहे. घरचे गुपचूप दुसऱ्या बाजूला जेवतात.

पहिला घोळ नकाशाचाच झाला. मुलाचा शाळेचा महाराष्ट्र घेऊन बसलो. त्यात गडचिरोली, वाशीम, गोंदिया. तेव्हा यांतलं काहीच नव्हतं. आपल्या विदर्भाचे जिल्हे आठ: नागपूर, भंडारा, चांदा (आताचं चंद्रपूर), वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा. आणि राज्य मराठवाड्यापासून थेट कच्छपर्यंत. म्हणजे गुजरातही हाताने काढणं आलं. सौराष्ट्राचा किनारा काढताना दोन रबर संपले.

दुसरा घोळ बेरजेचा. मतदारसंघ मोजले की ३३९ भरायचे, आमदार मोजले की ३९६. तीन संध्याकाळी मी स्वतःलाच शिव्या घातल्या. शेवटी बाबांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "दुहेरी धरले का तू?"

नव्हते धरले. तेव्हा ५७ मतदारसंघांतून दोन-दोन आमदार निवडून जात, त्यातली एक जागा राखीव. ५७ दुणे ११४, आणि एकेरी २८२. जुळलं.

बाबा आता नव्वदीत आहेत. त्या निवडणुकीत ते नुकतेच मास्तर लागले होते आणि एका खेड्यातल्या शाळेत त्यांची ड्यूटी होती. शिक्का मारायची पद्धत अजून आलेली नव्हती. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह: बैलजोडी, झोपडी, हत्ती, दिवा. कोरी मतपत्रिका हवी त्या पेटीत टाकायची. दुहेरी मतदारसंघात प्रत्येकाला दोन पत्रिका, त्या दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या. एक म्हातारबुवा पडद्यामागून आले ते एक पत्रिका हातात घेऊनच. टेबलावर ठेवली नि म्हणाले, "एक पुरे झालं, मास्तर. उरलेली दुसऱ्या कोनाले द्या." त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला, मागची रांग खोळंबली. ती गोष्ट बाबा दर निवडणुकीला सांगतात. यंदा मला ती बेरजेसकट कळली.

मग रंग. काँग्रेसला निळा दिला, अपक्षांना करडा. समितीला लाल द्यायला गेलो तर तक्त्यात समितीचा रकानाच नाही! संयुक्त महाराष्ट्र समिती ही मुंबईसह मराठी राज्य मागणारी आघाडी, निवडून आलेले मात्र आपापल्या पक्षाच्या नावावर. प्रजा समाजवादी ३६, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) ३१, कम्युनिस्ट १३, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन १३, आणि उरलेले अपक्षांच्या गर्दीत मिसळलेले. त्यातही प्रजा समाजवादी म्हटला की समितीचाच, असं सरसकट धरता येत नाही, कारण राज्यात गुजरातही होता. म्हणून एकेक नाव तपासून लाल भरत गेलो. मुंबईत दादरहून अत्रे. पुणे, सातारा, कोल्हापूर लालभडक. खुद्द यशवंतराव चव्हाण कराडला जेमतेम निघाले. लोकसभेलाही तीच तऱ्हा: साताऱ्याहून नाना पाटील, आणि तिकडे अहमदाबादला वेगळा गुजरात मागणारे महागुजरातवाले इंदुलाल याज्ञिक. राज्याच्या दोन्ही टोकांना मराठी-गुजराती द्विभाषिक राज्य नको होतं, आणि काँग्रेस तरी ३९६ पैकी २३४ वर.

का, ते पेन्सिल पूर्वेला सरकवली की दिसतं. मराठवाडा निळा. विदर्भ त्याहून निळा. मराठी मुलखात काँग्रेसला तारलं ते या दोघांनी. मुंबई-पुण्याकडे १९५७ ची गोष्ट सांगताना नेमकं हे पान घाईत उलटतात, असं मला नेहमी वाटतं.

आणि आपल्याकडे तर राग असायला हवा होता. राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळं विदर्भ राज्य सुचवलं होतं. मिळालं काय, तर १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई, आणि नागपूरची राजधानी गेली. मग चारच महिन्यांत काँग्रेसच्या बैलजोडीच्या पेट्या कशा भरल्या?

"समिती मुंबई मागून राहिली होती," बाबा म्हणाले. "आमाले मुंबई कायले पाहिजे? ज्याले विदर्भ पाहिजे, त्यानं समितीले मत कायले द्यावं?"

हे मला पटतं, पण पूर्ण नाही. चांद्याकडे काँग्रेसच्या कन्नमवारांसारख्यांचं गावोगावचं वजन होतं, ते रागलोभाच्या हिशेबात बसत नाही. आणि समिती इथे अगदीच परकी होती असंही नाही.

नागपूर जिल्हा एका रंगात मावलाच नाही. शहरातून निवडून आले ए. बी. बर्धन. गडी पक्का कम्युनिस्ट, तक्त्यात मात्र अपक्ष. आधी करडा लावला, मग खोडून लाल, मग पुन्हा करडा. कागद तिथे खरवडून पातळ झालाय. उजेडासमोर धरला की नागपूरला भोक दिसतं. बाबा म्हणाले, राहू दे तसंच.

चांदा अजून कोराच आहे. जिल्हा एवढा मोठा, की एका बैठकीत निळा भरून होत नाही.

दरम्यान १९६२ चा तक्ता काढून ठेवलाय. दुहेरी मतदारसंघ तोवर गेले होते: २६४ जागा, २६४ मतदारसंघ, बेरीज एका दमात जुळली. नागपूर लोकसभेसमोर बापूजी अणे, अपक्ष. विदर्भासाठी उभे राहिले आणि निवडून आले. करडी पेन्सिल बोटाच्या पेराएवढी उरलीय, उद्या नागपूरच्या बर्डीवरून नवी आणतो.