दोन मिनिटांचा क्यूब

सिव्हिलच्या मटेरियल लॅबमधले सर म्हटलं की माजी विद्यार्थ्यांना आधी त्यांचं मनगटी घड्याळ आठवतं. क्यूब, म्हणजे ताकद तपासायला ओतलेला काँक्रीटचा ठोकळा, दाबाच्या मशिनवर चढला की पोरं डायलकडे बघत आणि सर घड्याळाकडे. हिशेब त्यांनी फळ्यावर कायमचा लिहून ठेवला होता. १५० मिमीच्या क्यूबचं क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिमी. भार वाढवायचा मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिमी, म्हणजे ३१५ किलोन्यूटन. एम-२० प्रतीच्या काँक्रीटचं लक्ष्य २६.६ न्यूटन प्रति चौरस मिमी धरलं तर क्यूब ५९८ किलोन्यूटनच्या आसपास फुटणार. जवळजवळ दोन मिनिटं लागलीच पाहिजेत. अर्ध्या मिनिटात फुटलेल्या क्यूबपुढे कुणी २९ लिहिलं, तर सर ते पान वाचतच नसत. "काँक्रीट चांगलं नाही रे, व्हॉल्व्ह जास्त उघडलास," एवढंच. घाईने भार दिला की क्यूब आहे त्यापेक्षा जास्त ताकद दाखवतो.

क्यूब ठेवण्याचीही शिस्त होती. थापीने सारखी केलेली बाजू प्लेटला लावायची नाही, ती उभ्या अंगाला घ्यायची. ती बाजू कधीच पुरती सपाट नसते, मग भार दोन-चार उंचवट्यांवर पडतो आणि आकडा खाली येतो. फुटलेले तुकडे सरांनी पाहिल्याशिवाय उचलायचे नाहीत. चारी बाजू सारख्या सुटून मधे डमरू उरला तर ठीक. एकाच कोपऱ्यातून तिरकी चीर गेली असेल तर क्यूब मधोमध बसला नव्हता, किंवा प्लेटवर आधीच्या क्यूबचा कचरा होता.

सोलापूरच्या उन्हाळ्याशी सरांचं कायमचं भांडण. क्युरिंगचं, म्हणजे क्यूब बुडवून ठेवायचं पाणी २७ अंशांना हवं, फार तर दोन अंश इकडेतिकडे. पत्र्याखालच्या टाकीत मे महिन्यात ते कसं राहणार? कोमट पाण्यात सिमेंट सुरुवातीला भराभर ताकद धरतं आणि पुढे मंदावतं. म्हणून टाकी आतल्या खोलीत, तिच्यात कायम थर्मामीटर, आणि पोरांना ताकीद: सात दिवसांचा आकडा बघून पेढे वाटू नका.

पण सरांचा खरा जीव काळ्या मातीत. सुट्टीहून येणाऱ्या प्रत्येकाने गावची पिशवीभर माती आणायची. मंगळवेढा, मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, सगळीकडची. भट्टीत वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली १०-१० ग्रॅम माती १०० मिलीच्या दोन नळ्यांत घालायची. एकीत रॉकेल, दुसरीत पाणी. काचेच्या कांडीने ढवळून हवा काढायची आणि २४ तास हात लावायचा नाही. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून ते मूळ आकारमान धरायचं. तिथे १० मिली आणि पाण्यात १८ भरली, तर फुगवटा ८० टक्के. घाई करणाऱ्याचा आकडा हमखास चुकायचा, कारण गढूळ पाण्यात मातीची खरी पातळी कळतच नाही. त्या नळ्यांकडे बोट दाखवून सर विचारत, "आता सांग, तुमच्या घराचं दार जूनमध्ये का अडकतं?" उन्हाळ्यात भेगाळलेली माती पहिल्या पावसांत फुगते, कडेला आधी आणि घराखाली मागून, पाया सारखा उचलला जात नाही, म्हणून भिंतीला तिरकी चीर पडते. त्यांचा उपाय जुनाच होता. पाया मुरुमापर्यंत न्या, घराभोवती पाणी साचू देऊ नका. मुरूम फारच खोल लागला तर बल्ब काढलेले पाइल, म्हणजे खालच्या अंगाला फुगवलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब; बल्बची रुंदी दांड्याच्या अडीचपट.

साइटवर सर वेगळे दिसत. गवंडी कन्नड बोलणारा असला की तेही कन्नडवर येत, आणि त्याच्याच बरणीत वाळूची परीक्षा घेत. ओली वाळू सैल भरून उंची मोजायची, समजा २०० मिमी. ती काढून अर्धी बरणी पाणी, त्यात वाळू परत घालून ठोकायची. १६० वर बसली तर फुगवटा २५ टक्के. म्हणजे फर्म्याने, मापाच्या पेटीने, मोजणाऱ्याची वाळू पाचवा हिस्सा कमी पडते. मिस्त्रीला हे पाच मिनिटांत पटायचं. आम्हाला वर्गात एक तास लागायचा, हेही नोंदवायला हवं.

आमच्यातले काही पुढे त्याच विभागात शिकवायला लागले. नव्या लेक्चररला सर आधी थिअरीचा तास देत नसत, पहिलं सत्र लॅबच. बाहेरचे क्यूब तपासायला आले की ओतल्याची तारीख कोरलेली नसेल तर परत. तीन क्यूबपैकी एक सरासरीपासून १५ टक्क्यांहून दूर गेला तर ती सरासरी त्यांना मान्य नसे. सगळ्यांत जास्त संशय फार चांगल्या आकड्याचा. एम-२० च्या स्लॅबचे क्यूब ३८ दाखवू लागले की सर फुटलेला तुकडा हातात घेऊन खडी बघत, मग साइटवरची मूठभर खडी मागवत. दोन्ही जुळल्या नाहीत, म्हणजे क्यूब त्या स्लॅबच्या काँक्रीटचे नाहीत, तर रिपोर्टवर सही नाही, ठेकेदार कितीही वेळ दारात उभा राहो.