उलटा जबडा, टप्पा तिसरा: बिजागरी बसली, गंज चढतोय

'सॉ' या भयपटांच्या मालिकेतला सगळ्यात क्रूर सापळा कोणता, यावर आपल्यात एकमत होणं अवघड. तिसऱ्या भागातला (2006) हातपाय आणि शेवटी मान पिळणारा रॅक बघवत नाही. दुसऱ्यातला (2005) सुयांचा खड्डा आठवला तरी अंगावर काटा येतो. पण डोक्यावर घालता येतो तो उलटा जबडाच, म्हणून त्याचीच फोमची प्रतिकृती करायला घेतली आहे. अस्वल पकडायचा सापळा मिटतो, हा उघडतो. पहिल्या भागात (2004) अमांडा त्यातून सुटते, सहाव्यात (2009) हॉफमन गाल फाडून घेऊन सुटतो, सातव्यात (2010) मात्र जिलच्या डोक्यावर तो पूर्ण उघडतो.

म्हणून सगळा जीव बिजागरीत आहे. ती कानाच्या किंचित पुढे, जबड्याच्या सांध्यासमोर हवी. दोन सेंटिमीटर मागे सरकली की उघडण्याची दिशाच कळत नाही, नुसतं हेल्मेट दिसतं.

सांगाडा 10 मिमी ईव्हीए शीटचा (दाट फोमचा), वरच्या पट्ट्या 5 मिमीच्या. चपलांचे तळ कापणाऱ्यांकडे हेच शीट मिळतं, फक्त घट्ट बघून घ्या. अंगठा दाबल्यावर खळगा राहिला तर ते नको. डोक्याचा घेर 58 सेंमी असेल तर आतला पट्टा 60 ठेवा, कारण आत अस्तर लागतं.

पहिल्या जबड्याचे सांधे उकलले, ते उन्हामुळे. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात रबर सोल्युशन तीन-चार मिनिटांत सुकून जातं, मग दोन्ही बाजू एकमेकींना धरतच नाहीत. सकाळी सातच्या आत चिकटवा, एका वेळी वीतभरच लावा. हॉट ग्लू तर नकोच, उन्हात उभ्या गाडीत तो मऊ पडतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: सरळ पट्टी ओढून वाकवली आणि चिकटवली की ती कायम सरळ व्हायला बघते. आधी हीट गनने तापवून बाक द्या, थंड होईपर्यंत घागरीवर दाबून धरा, मगच सोल्युशन. ही दोन्ही कामं अंगणात किंवा गच्चीवर, वास कोंडू देऊ नका.

बिजागरीला 6 मिमीचा बोल्ट आणि नायलॉक नट (आपोआप सैल न होणारा). बोल्ट थेट फोममध्ये घातला तर दहा-बारा उघडझापीत भोक लांबट होतं आणि जबडा लोंबतो. सुताराकडे सनमाइकाचे तुकडे पडलेले असतात. त्याच्या रुपयाएवढ्या चकत्या दोन्ही बाजूंनी चिकटवा आणि भोक त्यानंतर पाडा. नट इतकाच आवळा की जबडा सोडला तर हळूहळू खाली येईल.

खरी स्प्रिंग कुठेही घालायची नाही. 3 मिमी ॲल्युमिनियमची तार 12 मिमी सळईवर गुंडाळली की हुबेहूब स्प्रिंग दिसते आणि तिच्यात ताण राहत नाही. तोंडात काहीच जात नाही, दातपट्ट्या ओठांपुढे एक सेंटिमीटरवर संपतात. मागे कुलूप फक्त दिसायला, खालची पकड वेल्क्रोची. घालणाऱ्याला एका हाताने निघाली पाहिजे.

रंगाआधी फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, चार हात. बाक पडतो तिथे दोनच, नाहीतर तडे जातात. मग काळा ॲक्रिलिक, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी.

गंजासाठी विटेचा चुरा मलमलीतून गाळून फेविकॉलमध्ये कालवला. पहिल्या हाताला तो सगळीकडे सारखा बसला आणि जबडा मातीचा दिसू लागला. लोखंड गंजतं ते पाणी साचतं तिथे: बोल्टच्या डोक्याखाली, जोडाच्या फटीत, खालच्या कडेला. दातपट्ट्यांच्या घासणाऱ्या कडा उलट चकचकीत हव्यात. तिथला चुरा ओल्या फडक्याने पुसून पुन्हा चंदेरी मारल्यावर धातू दिसू लागला.

मागचा टायमर अजून बाकी आहे. स्वयंपाकघरातला किल्लीचा टायमर बसतो, पण त्याच्या वजनाने सगळा सापळा मागे झुकतो, म्हणून आधी हनुवटीखालचा पट्टा शिवायचा आहे.