सई म्हणाली, मी शाय आहे

बुधवार, रात्री

सईने आज स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "मी शाय आहे." काकूंनी विचारलं होतं ते इतकंच, की यंदा शाळेत डबा कोणाबरोबर खातेस गं. मी पोळ्या करत होते. सईचा आवाज घाबरा नव्हता, रडवेलाही नव्हता. नाव-इयत्ता सांगावी तसं सांगितलं आणि आतल्या खोलीत निघून गेली. काकू म्हणाल्या, "बघ, हल्लीच्या मुलांना स्वतःचं किती कळतं!" मी नुसतं हं म्हटलं.

तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. ती काही न बोलता आत गेली असती तर मला एवढं लागलं नसतं. परक्या माणसाशी ती चटकन बोलत नाही, हे मला काय नवं आहे? मला खुपलं ते हे, की तिला आता असा एक शब्द मिळालाय जो ऐकला की समोरचं माणूस पुढे विचारतच नाही. काकूंनीही विचारलं नाही. डबा ती कोणाबरोबर खाते ते अजून कुणालाच कळलेलं नाही. मलाही नाही.

लाजाळूसाठीचा हा इंग्रजी शब्द कुठून आला ते ठाऊक आहे. पालकसभेत ऐकलाय, प्रगतिपुस्तकात वाचलाय, वाढदिवसाला केक कापताना कुणी ना कुणी म्हणतंच. "शाय आहे, पण हुशार आहे." "शाय आहे, पण समजतं हो तिला सगळं." तो 'पण' कुणाचा सुटत नाही.

आमच्या लहानपणी घरात हा शब्द नव्हता. आजी मला मुखदुर्बळ म्हणायची. मामाकडे मी बुजरी होते. दादा भिडस्त, कारण त्याच्या तोंडून 'नाही' निघायचं नाही. भीड भिकेची बहीण, हे आजीने त्याला इतक्यांदा ऐकवलं की त्याचा चेहरा बघूनच आम्हाला पुढचं वाक्य कळायचं. बुजरं मूल ओळख पटली की बुजत नाही. भिडस्त माणूस भरपूर बोलतो, फक्त स्वतःला हवं ते बोलत नाही. शाय म्हटलं की हे सगळे एकाच पिशवीत.

पण त्या शब्दांचं कौतुक तरी कशाला करू? थोरल्या आत्या मला घुमी म्हणायच्या. घुमी म्हणजे मनात काहीतरी धरून बसलेली, आतल्या गाठीची. मी गप्प असायचे ती भीतीने. घसा खरंच आवळल्यासारखा व्हायचा, कान तापायचे. आणि सगळे समजायचे की हिला राग आलाय. पाहुणे गेल्यावर त्याबद्दल बोलणीही खायची. इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा डोळे भरून आले. त्या घरात एकाला तरी विचारावंसं वाटू नये, की तुला काय होतंय? आईला तरी... जाऊ दे.

आणि तीच मी, कांदेपोह्यांच्या वेळी खाली मान घालून बसले, तर पलीकडच्या मंडळींनी "मुलगी लाजरी आहे हो" म्हणून वाखाणलं. घसा तसाच आवळलेला होता, कान तसेच तापलेले. बघणाऱ्यांना त्या दिवशी तसली मुलगी हवी होती, एवढाच फरक. सईने मात्र आता माइक हातात घेऊन बोलायला हवंय सगळ्यांना. तिला गप्प राहण्याबद्दल कुणी कधी वाखाणणार नाही. ती वाखाणणी मला तिच्यासाठी नकोच आहे, पण ही ओढाताणही नको.

बाबा क्रिकेटची इंग्रजी कॉमेंटरी लावायचे. फलंदाज ९६ वर बाद झाला की समालोचक म्हणायचा, "फोर रन्स शाय ऑफ अ सेंच्युरी." मी अर्थ विचारला तेव्हा बाबा म्हणाले, चार कमी पडले. यष्टींवर नेम धरून चेंडू फेकला तर त्यालाही शायच म्हणतात, हे त्यांनीच सांगितलं होतं, पण माझ्या डोक्यात पहिलाच अर्थ बसला. आज भांडी आवरताना तो पुन्हा वर आला. शाय म्हणजे कमी पडलेली. लोक 'पण' लावून हुशारी जोडतात ती ते चार भरून काढायलाच ना? आणि सई सात वर्षांची. ती स्वतःच मोजायला लागली की काय, कुठे किती कमी आहे ते?

झोप येईना म्हणून जुनी मानसशास्त्राची टिपणं काढली. झिंबार्डो या मानसशास्त्रज्ञाचं नाव निघालं की आमच्या वर्गाला १९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोगच आठवायचा, काही विद्यार्थी कैदी आणि काही पहारेकरी झाले होते तो. पण त्याच तुरुंगाच्या चर्चेतून तो लाजाळूपणाकडे वळला. लाजाळू माणसाच्या आत कैदीही तोच आणि पहारेकरीही तोच, असं त्याला दिसलं. मग त्याने लोकांना विचारायला सुरुवात केली, तर सुमारे ४० टक्के म्हणाले की आम्ही लाजाळू आहोत. आयुष्यात कधी ना कधी होतो म्हणणारे तर ८० टक्क्यांच्या वर. म्हणजे आमच्या जिन्यातल्या त्या सगळ्या बोलक्या बायका... त्यातल्या किती?

हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ केगन, त्याने चार महिन्यांच्या बाळांपुढे हलती खेळणी धरली, अनोळखी आवाज ऐकवले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडायचं, रडायचं. पुढे नव्या माणसांत बिचकणारी मुलं या बाळांतून जास्त निघाली. सगळी मात्र नाही. सई पाळण्यात असताना कुकरची शिट्टी झाली की अंग ताठ करायची. म्हणजे कुणी काही म्हणण्याच्या कितीतरी आधीपासून तिचं ते आहे. हे वाचून मला बरं वाटलं, खूप बरं वाटलं.

आणि डार्विनची ती नोंद. १८७२ च्या ग्रंथात त्याने लाजण्याबद्दल पानंच्या पानं लिहिली आहेत, पण माझं बोट एका ओळीवर थांबलं. त्याचं एक मूल सव्वादोन वर्षांचं. डार्विन आठवडाभरच घराबाहेर होता. परत आला तर मूल काही मिनिटं त्याच्याकडे नीट बघेना, नजर जराशी दुसरीकडे. लाली वगैरे काही नाही, फक्त नजर. सख्ख्या बापासमोर. हे महिन्याने येतात तेव्हा सईही पहिला अर्धा तास माझ्या मागे असते. ह्यांना ते फार लागतं. त्यावर आज नको लिहायला.

गांधीजींचं काकू नक्की सांगणार, म्हणून तेही वाचून ठेवलं. राजकोटला शाळा सुटली की ते पळत घरी यायचे, कुणी बोलायला नको म्हणून. इंग्लंडमध्ये व्हेंटनरला शाकाहारावरच्या सभेत त्यांनी भाषण लिहून नेलं होतं, फुलस्केपचा जेमतेम एक कागद. उभे राहिले तर अक्षरं दिसेनात, अंग कापायला लागलं. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या खटल्यात एक प्रश्न सुचेना, तर तीस रुपये फी परत केली. पुढे १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात सभेपुढे बोलले ते सगळ्यांना माहीत असतं. पण सईला मी हे उदाहरण देणार नाही. आज गप्प राहायची परवानगी म्हणून उद्या महात्मा व्हावं लागेल, हा कुठला सौदा? मला त्यात आवडले ते मजमुदार. व्हेंटनरला शेजारी होते, त्यांनी कागद घेतला आणि वाचून दाखवला. मला त्या वयात असं कुणी हवं होतं.

आता बारा वाजून गेलेत. लिहिता लिहिता जाणवलं, की सई दुपारी रडली नव्हती. मोठ्या माणसाने विचारलं, तिला सांगायचं नव्हतं, तर तिने एक वाक्य बोलून स्वतःची सुटका करून घेतली. सात वर्षांची असताना माझ्याकडे असं एकही वाक्य नव्हतं. शब्द तिला लोकांनी दिला, पण वापरला तिने, आणि तिच्या गरजेपुरता. उद्या कदाचित टाकूनही देईल. मी तो तिच्या हातातून काढून घेणार नाही. डब्याचं मात्र मी विचारणार आहे, रात्री केस विंचरताना. तेव्हा ती बोलते.

शिबिराचा फॉर्म सकाळी द्यायचा आहे. मुलाचा स्वभाव या रकान्यात दोन ओळींची जागा आहे. लिहिलं: नव्या माणसांत बोलायला वेळ लागतो. प्रश्न विचारल्यावर थोडं थांबावं, मध्येच दुसऱ्या मुलाला विचारू नये. रात्री दिवा लागतो.