रॉयल क्रेसेंट: दर्शनी भिंत एक, घरं तीस

इंग्लंडमधल्या बाथ शहरात गेलेला माणूस रॉयल क्रेसेंटसमोरच्या हिरवळीवर फोटो काढतोच. आम्हीही काढले. अर्धचंद्राच्या वळणावर 30 घरं एकमेकांना खेटून उभी आहेत, पण लांबून एकच अवाढव्य राजवाडा वाटतो. तळमजला मुद्दाम साधा ठेवलाय. त्याच्या वर दोन मजले उंच आयोनिक (माथ्यावर गुंडाळीसारखी नक्षी असलेल्या ग्रीक धाटणीच्या) खांबांची रांग आणि माथ्यावर सलग कठडा. दगड स्थानिक, पिवळसर, ऊन पडलं की खुलणारा. हे काम वास्तुविशारद धाकट्या जॉन वुडचं (वडिलांचं नावही जॉन वुडच), 1767 ते 1774 मधलं.

मग मागच्या गल्लीत शिरलो आणि हसूच आलं. वुडने आखून दिली ती फक्त दर्शनी भिंत. ज्याने जेवढा तुकडा घेतला, त्याने मागे आपापला माणूस लावून ऐपतीप्रमाणे घर बांधलं. त्यामुळे इकडे छपरं खालीवर, खिडक्या वाटेल तिथे, कुणाची खोली पुढे आलेली, कुणाची आत गेलेली. खरं सांगू? मला हीच बाजू जास्त आवडली. पुढून नुसता रुबाब दिसतो, मागून माणसं दिसतात.

पूर्व टोकाच्या 1 नंबरच्या घरात आता संग्रहालय आहे. दिवाणखाना पहिल्या मजल्यावर. पाहुण्यांना जिना चढून वर न्यायचं, म्हणून सर्वांत उंच खिडक्याही तिथेच. वर जावं तशा खिडक्या आखूड होतात. कठड्यामागे लपलेला पोटमाळा नोकरांचा, आणि त्यांच्या ये-जा करण्यासाठी जिनाही वेगळा. म्हणजे कोण कुठल्या पायरीचा, हे घराच्या रचनेतच ठरलेलं.

स्वयंपाकघरात मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो. तिथे भिंतीवर एक लाकडी चाक आहे. त्यात कुत्रा घालायचे. तो धावला की चाक फिरायचं आणि विस्तवासमोरची मांसाची सळई फिरत राहायची. कुत्रा बिचारा धावणार, आणि वास तेवढा त्याच्या वाट्याला!

परतताना 22 नंबरचं दार चुकवू नका. बाकीची दारं पांढरी, हे एकटं पिवळंधमक. 1970 च्या दशकात घरमालकीणबाईंनी ते रंगवलं, तेव्हा एकसारखेपणा बिघडतो म्हणून पालिकेने नोटीस धाडली. बाईंनी माघार घेतली नाही. प्रकरण चौकशीपर्यंत गेलं आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला.